विश्लेषण : ऑर्गन बनवणाऱ्या घरातील एडविन लिंक यांनी वैमानिक कसे घडवले?

विमान उडवण्याचा सिम्युलेटर गेम पहिल्यांदा सुरू केला की समोरच्या तबकड्या, दांडी आणि पेडल पाहून गोंधळ उडतो. पण चूक झाली तर फार तर खेळ पुन्हा सुरू करावा लागतो. चुकण्याची हीच मुभा खऱ्या वैमानिकांना मोठ्या प्रमाणावर मिळवून दिली ती अमेरिकी संशोधक एडविन लिंक (१९०४-१९८१) यांनी.

कल्पना कशी सुचली?

लिंक यांचा जन्म इंडियाना राज्यातील हंटिंग्टनचा. बालपणीच ते न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनला आले. वडिलांचा स्वयंचलित पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. १९२० मध्ये लिंक यांनी विमानाच्या पहिल्या धड्यासाठी ५० डॉलर मोजले, पण त्यांना दांडीला हातही लावू दिला गेला नाही. शिकणे महाग आणि चुकणे जिवावर बेतणारे, हा पेच त्यांच्या लक्षात आला.

यंत्र कसे चालायचे?

कारखान्याच्या तळघरात त्यांनी १९२९ पर्यंत छोट्या विमानासारखी केबिन तयार केली. तिच्याखाली ऑर्गनमध्ये असतात तसे भाते बसवले. शिकाऊने दांडी वा पेडल हलवले की भात्यांतील हवा कमी-जास्त होई आणि केबिन त्यानुसार झुके. कोणती हालचाल केल्यावर काय होते, हे हाताला जमिनीवरच कळू लागले. तरीही सुरुवातीची बरीच यंत्रे मनोरंजन उद्यानांत खेळणे म्हणूनच विकली गेली.

लष्कराने दखल कधी घेतली?

फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेत हवाई टपालाचे काम लष्कराकडे आले. खराब हवामानात उडण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांत डझनभर वैमानिक दगावले. ढगात शिरल्यावर शरीराचा अंदाज फसतो. विमान वळत असतानाही ते सरळ चालले आहे असे वाटते. अशा वेळी तबकड्यांवरच विश्वास ठेवावा लागतो. दाट धुक्यातून स्वतः विमान चालवत लिंक लष्करी अधिकाऱ्यांना भेटायला न्यूअर्कला पोहोचले. लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरना सहा यंत्रे मागवली.

युद्धात उपयोग काय झाला?

दुसऱ्या महायुद्धात १० हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि सुमारे पाच लाख जणांनी त्यांवर सराव केला. रंगामुळे त्यांना ‘निळा डबा’ म्हणत. झाकण लावले की शिकाऊला बाहेरचे काही दिसत नसे. शेजारच्या टेबलावर बसलेला प्रशिक्षक हेडफोनवरून सूचना देई. त्याच्यासमोरील नकाशावर शाईचे चाक ‘उड्डाणा’चा मार्ग उमटवत असे. त्यामुळे वाट कुठे चुकली हे दाखवून तोच धडा पुन्हा घेता येई.

पुढे काय?

१९५४ मध्ये कंपनी विकल्यानंतर लिंक पाण्याखालील संशोधनाकडे वळले. १९७३ मध्ये त्यांनीच घडवलेली छोटी पाणबुडी फ्लोरिडाजवळ एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. त्या अपघातात त्यांचा मुलगा क्लेटन याच्यासह दोघांचा मृत्यू झाला. खचून न जाता लिंक यांनी अशा बचावकार्यासाठी उपकरणे विकसित करण्याचे काम हाती घेतले. ७ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आला आणि जमिनीवर बसून उडायला शिकण्याची सोय घरातल्या टेबलावर पोहोचली.