पंडिता रमाबाई : नित्य शास्त्राभ्यासाचे व्रत

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव स्त्रीशिक्षण आणि निराधार विधवांच्या पुनर्वसनाशी कायमचे जोडले गेले आहे. या कार्यामागे त्यांचा एक नेम होता. धर्मग्रंथ रोज वाचावा, स्वतः वाचावा आणि त्याचा अर्थ स्वतः पारखून घ्यावा, हा तो नेम. ख्रिस्ती जीवनातील नित्य बायबल-अभ्यासाचे मोल त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. पुढे त्याच मातेने रमाबाईंना पहाटेच्या वेळी पाठ दिले. लहान वयातच त्यांना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. तीर्थाटन करीत पुराणे सांगणे हे कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन होते. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण यांचे निधन झाले. त्यानंतर रमाबाई बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी प्रवास करीत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. वेदाध्ययन स्त्रियांना वर्ज्य मानले जाण्याच्या त्या काळात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास प्रवृत्त केले.

बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या आसाममधील सिल्चर येथे राहू लागल्या. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली आणि त्यांचे बायबल-वाचन सुरू झाले. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्या कन्या मनोरमा हिला घेऊन पुण्यास आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतरानंतरही रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी कोणाच्या हाती सोपविली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी तेथील धर्मभगिनींशी पत्रांतून दीर्घ वाद केला. चर्चची आज्ञा म्हणून एखादी गोष्ट मान्य करण्यास त्यांची तयारी नव्हती. तिला शास्त्राचा आधार त्या मागत. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्ट केले आहे, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्ताची खरी ओळख त्यानंतर काही वर्षांनी झाली. नियमित अभ्यासाशिवाय श्रद्धेला खोली येत नाही, हा त्यांचा स्वानुभव होता.

या निष्ठेची किंमतही त्यांना मोजावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलविण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण दिले जात नसे. मात्र रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवरांनी संस्थेशी संबंध तोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मात्र ते दार बंद केले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. शेती, विणकाम, मुद्रण अशा उद्योगांबरोबर वाचन-लेखन आणि बायबलचा अभ्यास हा तेथील दिनक्रमाचा भाग झाला. ज्यांना पूर्वी अक्षरओळखही नव्हती, अशा कित्येक स्त्रिया शास्त्र वाचू लागल्या.

प्रचलित मराठी बायबलची भाषा मात्र या स्त्रियांना संस्कृतप्रचुर वाटे. म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. इंग्लंडमध्ये असतानाच त्यांना बहिरेपणाचा त्रास सुरू झाला होता. पुढे तो वाढत गेला, तरी ग्रंथाशी त्यांचा संवाद चालूच राहिला. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे हा अनुवाद मुक्ती मिशनबाहेर फारसा रूढ झाला नाही. तथापि एकट्या स्त्रीने मूळ भाषांतून संपूर्ण बायबल अनुवादित करणे, ही भारतीय मुद्रणाच्या इतिहासातील दुर्मीळ घटना होय.

१९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेचा भार ज्या कन्येवर सोपवायचा, तीच गेली. तरीही अनुवादाची तपासणी थांबली नाही. रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुद्रणालयातून प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविणारे आणि पाने छापणारे हात मुक्ती मिशनमधील स्त्रियांचेच होते. ज्या शास्त्राभ्यासाने रमाबाईंचे जीवन घडविले, तो इतर स्त्रियांनाही आपल्या भाषेत करता यावा, हे त्यांचे ध्येय अशा रीतीने त्यांच्या पश्चात पूर्णत्वास गेले.