रेल्वेचा सांधा आणि सिग्नल एकमेकांना बांधणारा सुतार
१८२१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला जन्मलेले जॉन सॅक्सबी मूळचे सुतार. पुढे ते रेल्वेत कामाला लागले. तेव्हा सांधा आणि सिग्नल वेगवेगळे हलवले जायचे. सांधा एका रुळाकडे आणि सिग्नल दुसऱ्याच रुळाचा, अशी एक चूक झाली की गाडी थेट दुसऱ्या गाडीवर. सॅक्सबींनी १८५६ मध्ये दोन्ही एकत्र हलवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. म्हणजे सांधा जसा असेल, तसाच सिग्नल दिसणार. याच कल्पनेत सुधारणा होत इंटरलॉकिंग आलं. जॉन फार्मर यांच्यासोबत त्यांनी सिग्नलची कंपनीही काढली. १९१३ मध्ये सॅक्सबी गेले. आजही सांधा नीट बसला नाही तर सिग्नल लालच राहतो, तो याच विचारामुळे.