जॉर्ज ऑरवेल : वाक्यातला कर्ता शोधणारा लेखक



व्हॉइसचा धडा आला की आपण मुलांना काय सांगतो? कर्म पुढे आणा, ‘टू बी’चं रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, शेवटी ‘बाय’. मुलं वाक्य बदलतात, मार्कही मिळतात. पण कोणतं वाक्य कधी वापरायचं, हे शिकवायचं राहूनच जातं. त्यासाठी आज जॉर्ज ऑरवेल यांची ओळख करून घेऊ.

त्यांचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म 25 जून 1903 रोजी बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात होते. लहानपणीच आई त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. 1922 मध्ये ते ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाले. परक्यांवर राज्य करण्याचं हे काम त्यांना सलू लागलं आणि 1927 मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. पुढे 1932 मध्ये ते एका छोट्या शाळेत शिक्षक झाले. म्हणजे काही काळ आपल्याच पेशातले!

1946 मध्ये त्यांचा ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चांगल्या लेखनाचे सहा नियम आहेत. चौथा नियम असा, की ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये. त्यांची तक्रार धूसर भाषेबद्दल होती. अशा भाषेत गावांवर बॉम्ब टाकण्यालाही गोंडस नाव मिळतं.

पॅसिव्हमध्ये कर्ता सहज लपतो. ‘राजू ब्रोक द विंडो’ म्हटलं की कोणी फोडली ते कळतं. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हटलं की राजू सुटला!

मग पॅसिव्ह चुकीचा का? मुळीच नाही. ‘माय सायकल वॉज स्टोलन’ हे वाक्य अगदी योग्य, कारण चोर माहीतच नाही. ऑरवेल यांच्या त्याच निबंधात पॅसिव्ह वाक्यं भरपूर आहेत. वाक्य बेढब होत असेल तर नियम मोडा, असं त्यांचा सहावा नियमच सांगतो.

21 जानेवारी 1950 रोजी क्षयरोगाने त्यांचं निधन झालं. वय अवघं 46.

पुढच्या वेळी व्हॉइसचा स्वाध्याय देताना मुलांना एक प्रश्न जास्तीचा विचारूया : यातलं कोणतं वाक्य तू निवडशील, आणि का? कर्ता माहीत असूनही लपवलेला असेल, तर तो का लपवला हे मुलांना विचारता आलं पाहिजे. वर्तमानपत्र वाचतानाही त्यांना हे उपयोगी पडेल.