गानसम्राट अल्लादिया खाँ

कोल्हापूरचे नाव निघाले की आपणांस राजर्षी शाहू महाराज आठवतात. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ साली तेथे संस्था उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. याच महाराजांच्या दरबारात मरहूम खाँसाहेब अल्लादिया खाँ गवई होते. आपल्या घरांतून मात्र त्यांचे नाव फारसे निघत नाही, याचे नवल वाटते.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे धृपद गाणाऱ्या घराण्यात झाला. वडील लवकर वारले. चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना धृपदाची आणि ख्यालाची तालीम दिली. तरुणपणीच संस्थानांतून नाव झाले. पुढे एका संस्थानिकाच्या हौसेखातर दिवसामागून दिवस सतत गावे लागले आणि आवाज बसला. तो उघडायला सुमारे दोन वर्षे लागली, आणि आला तो पहिला राहिला नव्हता.

विचार करा, ज्या गळ्यावर पोट चालायचे त्यानेच दगा दिला! एका परीक्षेत मुलगा नापास झाला की आपल्यापैकी कित्येकजण त्याला लगेच कामाला लावतात.

खाँसाहेबांनी जुन्या आवाजामागे धावणे सोडले. या नव्या, जड आवाजाला काय पेलेल ते हेरून त्यांनी आपली गायकीच पुन्हा बांधली. गोडवा उणावला होता, म्हणून सारा भर लयीवर दिला. मोकळा आकार, लांब दमसास, स्वरात स्वर गुंफत जाणारी पेचदार तान आणि मात्रामात्रांशी खेळत नेमके समेवर येणे, ही तिची लक्षणे. संपूर्ण मालकंस, बसंती केदार असे अनवट राग त्यांनी मैफलीत आणले. ऐकायला अवघड, गायला त्याहून अवघड असे हे गाणे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखले जाते.

चाळिशीच्या सुमारास ते कोल्हापुरास स्थिरावले. १९२२ साली महाराज निवर्तले, तेव्हा खाँसाहेब सदुसष्टाव्या वर्षात होते. त्या वयात त्यांनी मुंबई गाठली आणि शिकवीत राहिले. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले हे त्यांचे शागीर्द. गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांनाही त्यांनी विद्या दिली. केसरबाईंची तालीम १९२१ पासून थेट त्यांच्या अखेरीपर्यंत चालली. चिरंजीव मंजी खाँ १९३७ साली वडिलांच्या आधी गेले. त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम मग धाकटे बंधू भुर्जी खाँ यांनी पुढे चालवली.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेबांचा इंतकाल झाला. त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. मात्र १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचे निवडक संगीत अंतराळात पाठवले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे.