मताचे मोल

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्या काळी आपल्या देशात सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता. पुढे कायदेमंडळाच्या निवडणुका होऊ लागल्या, तरी ज्याच्यापाशी मालमत्ता असे, जो ठराविक कर भरी किंवा ज्याचे काही शिक्षण झालेले असे, त्यालाच बहुधा मत देता येई. शेतमजूर, विणकर, विडी वळणाऱ्या स्त्रिया यांना कोणी विचारीत नसे. अस्पृश्य मानलेल्या समाजाची स्थिती तर याहून बिकट होती. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्याला मताचा मान कोण देणार?

भीमरावांना शाळेत इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी उच्च पदव्या मिळविल्या आणि मायदेशी परतल्यावर आपले ज्ञान समाजाच्या सेवेत वेचले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सत्याग्रह केला. दुसऱ्याच वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रत्येक प्रौढ माणसास मत असावे, अशी मागणी केली. निरक्षर माणूस अजाण असतोच असे नाही; आपले हित त्यालाही कळते, अशी त्यांची भूमिका होती.

देश स्वतंत्र झाल्यावर ते कायदेमंत्री झाले व राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. राजवाड्यातील श्रीमंताला एक मत आणि झोपडीतील मजुरालाही एकच मत, हा न्याय त्या घटनेने दिला.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. उत्तर मुंबईतून बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. काही मतदारसंघांतून तेव्हा दोन प्रतिनिधी निवडले जात. त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे. उत्तर मुंबई हा तसाच मतदारसंघ होता. तेथे प्रत्येक मतदाराला दोन मते असत, परंतु दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या निवडणुकीत हजारो मते वाया गेली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा पराभव केला. पुढे ते राज्यसभेचे सदस्य झाले. तथापि जनतेच्या प्रत्यक्ष मतांनी लोकसभेत जावे, ही इच्छा त्यांच्या मनात राहिली.

तशी संधी १९५४ साली आली. सर्वोच्च न्यायालयाने भंडारा मतदारसंघातील आधीची निवडणूक रद्द ठरविली आणि तेथे पोटनिवडणूक जाहीर झाली. वैनगंगेच्या काठचा, तलावांचा आणि भातशेतीचा हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. येथेही दोन जागा होत्या. राखीव जागेसाठी फेडरेशनतर्फे बाबासाहेब आणि काँग्रेसतर्फे भाऊराव बोरकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता हे एक उमेदवार होते. बाबासाहेबांची प्रकृती त्या वेळी चांगली नव्हती. मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते. तरीही ते भंडाऱ्यास गेले आणि त्यांनी सभा घेतल्या.

त्या दिवसांतील एक हकीकत भंडाऱ्यात अजूनही सांगितली जाते. राखीव जागेच्या उमेदवाराला सर्वांत अधिक मते पडली, तर तोही एका जागेवर निवडून येई. म्हणून काही कार्यकर्त्यांनी एक युक्ती सुचविली. आपल्या मतदारांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच न देता वाया घालवावे. म्हणजे दुसऱ्या कोणाचे पारडे जड होणार नाही. युक्ती सोपी होती आणि विजयाची आशा दाखविणारी होती. परंतु बाबासाहेबांना ती रुचली नाही. ज्या घटनेने लोकांना मत दिले, ती घडविण्यात ज्याचा मोठा वाटा, त्यानेच लोकांना मत फुकट घालविण्यास सांगणे त्यांना शोभणारे वाटले नाही. पराभव झाला तरी चालेल, पण दोन्ही मते विचारपूर्वक द्या, असाच सल्ला त्यांनी दिला.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर भाऊराव बोरकर विजयी झाले. बाबासाहेबांना ८,३८१ मते कमी पडली. ज्याने कोट्यवधी लोकांना मत मिळावे म्हणून आयुष्य वेचले, त्यालाच लोकांच्या मतांनी दुसऱ्यांदा हार पत्करावी लागली.

पण बाबासाहेब खचले नाहीत. राज्यसभेत ते आपले विचार निर्भयपणे मांडीत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधी अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ साली कायद्याने बंद झाले. त्या निवडणुकीचा प्रसंग मात्र विसरण्यासारखा नाही. जिंकणारा उमेदवार पाच वर्षे लोकसभेत बसतो; पण आपला लाभ बाजूस सारून मताचा मान राखणारा पुरुष हरूनही लोकांच्या मनात चिरकाल राहतो.