खोडलेल्या ग्रहाचे जनक : कॅप्टन विल्यम जेकब

ताथवडे (प्रतिनिधी) : सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या ‘नासा’ने ठेवलेल्या सूचीने सप्टेंबर २०२५ मध्ये सहा हजारांचा टप्पा ओलांडला. वायुरूप महाग्रह, नेपच्यूनसदृश, महापृथ्वी आणि खडकाळ ग्रह अशी त्यांची ढोबळ वर्गवारी केली जाते. या सूचीत न टिकलेल्या दाव्यांचाही एक इतिहास आहे. त्यातील अगदी आरंभीचा दावा १८५५ मध्ये मद्रासहून करण्यात आला. तो करणाऱ्या कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांच्या संशोधनाची सुरुवात पुण्यात झाली आणि आयुष्याची अखेरही पुण्यातच झाली.

जेकब यांचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातला. वडील धर्मोपदेशक होते. सिंधमधील जेकबाबाद हे शहर ज्यांच्या नावाने वसले ते जनरल जॉन जेकब हे त्यांचे थोरले बंधू. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन विल्यम १८३१ मध्ये मुंबईत उतरले. अभियंता म्हणून त्यांनी काही वर्षे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केले. कोन अचूक मोजण्याची सवय त्यांना तेथेच जडली असावी.

१८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. मध्यंतरी ते इंग्लंडला जाऊन विवाह करून परतले आणि कॅप्टनपदी पोहोचल्यावर त्यांनी कंपनीची नोकरी सोडली. जोडतारे हा त्यांच्या आवडीचा विषय होता. पुण्यातून केलेल्या वेधांच्या आधारे त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली. १८४८ मध्ये मद्रास वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. तेथील उष्ण हवा त्यांना मानवली नाही. तरीही शनीच्या आतील फिकट कड्यातून पलीकडचे दिसते, हे त्यांनी १८५२ मध्ये नोंदवले.

त्यांचे नाव आज घेतले जाते ते भुजंगधारी तारकासमूहातील ‘७० ऑफियुकी’ या जोडताऱ्यामुळे. पृथ्वीपासून सुमारे १७ प्रकाशवर्षे दूर असलेले हे दोन तारे एकमेकांभोवती ८८ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. प्रत्यक्ष वेध आणि गणिताने काढलेली कक्षा यांचा मेळ बसत नसल्याचे जेकब यांना आढळले. एखादा न दिसणारा ग्रह त्यातील एका ताऱ्याला ओढत असला, तर हा फरक पडू शकतो, असे त्यांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. कल्पना तर्कशुद्ध होती. युरेनसच्या गतीतील अशाच फरकावरून अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, १८४६ मध्ये, नेपच्यूनचा शोध लागला होता.

मात्र हा दावा टिकला नाही. शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील थॉमस सी यांनी तो नव्याने उचलला. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले, की सी यांनी कल्पिलेली तीन पिंडांची रचना स्थिर राहूच शकत नाही. पुढे १९४३ मध्ये पुन्हा एक दावा झाला, तोही मागे पडला. हाती केलेल्या मोजमापातील बारीक चुकाच ग्रहासारख्या भासल्या होत्या. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला निर्विवाद ग्रह मिळायला १९९५ साल उजाडले.

अचूक वेधांसाठी स्वच्छ व स्थिर हवा हवी, हे मात्र जेकब यांनी नेमके ओळखले होते. हवेच्या थरांमुळे ताऱ्याची प्रतिमा थरथरते. उंचीवर तो त्रास कमी होतो. म्हणून १८५९ मध्ये मद्रास सोडल्यानंतर त्यांनी पुण्याजवळच्या डोंगरावर, सुमारे पाच हजार फूट उंचीवर, वेधशाळा उभारण्याची योजना आखली. नऊ इंची भिंग त्यांनी पदरमोड करून विकत घेतले. तीन वर्षे तेथे काम करण्याचे त्यांनी मान्य केले आणि १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खर्चासाठी एक हजार पौंड मंजूर केले.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईत उतरले. बोरघाटातून जाणारा लोहमार्ग तेव्हा खुला व्हायचा होता. पुण्यास पोहोचल्यावर १६ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. मागे पत्नी, सहा मुलगे व दोन मुली होत्या. डोंगरावरच्या वेधशाळेचा बेत त्यांच्याबरोबरच संपला.

पुण्यातील खगोलाभ्यास मात्र थांबला नाही. १८८८ मध्ये प्रा. कावसजी नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ती १९१२ मध्ये बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. २००६ मध्ये ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण चाकणच्या पुढे, गिरवलीच्या डोंगरावर कार्यान्वित झाली. दुसरीकडे, ताऱ्याच्या सूक्ष्म हेलकाव्यावरून अदृश्य ग्रह ओळखण्याची जेकब यांची पद्धतही आता फळाला येत आहे. युरोपच्या ‘गाया’ यानाच्या मोजमापांतून सुचलेल्या एका ग्रहावर २०२५ मध्ये शिक्कामोर्तब झाले.

पावसाने उघडीप दिली, तर ऑगस्टच्या संध्याकाळी भुजंगधारी आकाशात उंचावर असतो. ताथवडे-हिंजवडीच्या झगमगाटात ७० ऑफियुकी नुसत्या डोळ्यांनी दिसणे कठीण. साध्या द्विनेत्रीतून मात्र तो सापडतो. त्याच्याभोवती कोणताही ग्रह आजवर सिद्ध झालेला नाही. पुण्यात टिपलेल्या जोडताऱ्यांच्या जेकब यांच्या नोंदी मात्र खगोलशास्त्राच्या दप्तरी कायम आहेत.