गॅस्टन प्लांते: डायनामो येण्याआधीच रिचार्जेबल बॅटरी बनवणारा माणूस

फोनची बॅटरी उतरली की आपण केबल लावतो, विषय संपला. पण १८५० च्या दशकात बॅटरी संपली की आतलं जस्त आणि ॲसिड बदलावं लागायचं. ही कटकट मिटवण्याचा रस्ता दाखवला फ्रान्सच्या गॅस्टन प्लांतेने.

प्लांतेचा जन्म १८३४ चा, ओर्तेझ गावातला. १८५४ मध्ये तो पॅरिसच्या एका नामांकित तंत्रसंस्थेत भौतिकशास्त्राचा सहायक म्हणून लागला. पुढच्याच वर्षी त्याला पॅरिसजवळ न उडणाऱ्या एका प्रचंड पक्ष्याचं जीवाश्म सापडलं. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून गॅस्टॉर्निस म्हणतात!

१८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, गुंडाळी केली आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. बाहेरून करंट दिला की वीज साठायची आणि नंतर वापरायला परत मिळायची. १८६० मध्ये त्याने असे नऊ सेल जोडून फ्रान्सच्या विज्ञान अकादमीसमोर मांडले.

पण अडचण मोठी होती. चार्ज करायला वीज आणायची कुठून? डायनामो अजून हाताशी नव्हता. त्यामुळे ही नवी बॅटरी चार्ज करायला त्याला जुन्याच जस्ताच्या बॅटऱ्या लागायच्या. शिवाय साध्या शिशाच्या पत्र्यांत सुरुवातीला फारच कमी वीज मावायची. पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज केल्यावर पत्र्याचा पृष्ठभाग सच्छिद्र व्हायचा आणि क्षमता वाढायची. यात महिने जायचे. प्लांते मात्र वर्षानुवर्षं तेच करत राहिला.

१८७१ मध्ये झेनोब ग्रामने पॅरिसमध्ये आपला डायनामो दाखवला. १८८१ मध्ये कामिय फोरने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन महिन्यांचं काम खूपच कमी केलं. मग कुठे कारखान्यांत बॅटऱ्या बनू लागल्या. १८८९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, प्लांते गेला.

आज कॅराव्हॅनमधले दिवे, पंप आणि फ्रिज चालवणारी लेड-ॲसिड लेझर बॅटरी त्याच रसायनावर चालते. ती घेताना तीन गोष्टी बघा.

एक, गाडी स्टार्ट करायची बॅटरी इथे चालत नाही. तिच्या पातळ प्लेट्स काही सेकंद जोरदार करंट द्यायला असतात. तासन्‌तास पुरवायला जाड प्लेट्सची डीप सायकल बॅटरी हवी.

दोन, हिशोब अर्धाच धरा. १०० ॲम्पिअर-अवरची असेल तर ५० च वापरा. ५ ॲम्पिअर घेणारा फ्रिज सलग चालला तर दहा तास. १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण १२.२ व्होल्ट दाखवू लागली की निम्मी संपली समजा.

तीन, चार्जर बॅटरीच्या प्रकाराला जुळणारा घ्या. साधारणपणे तो आधी १४.४ व्होल्टच्या आसपास भरतो आणि भरल्यावर १३.६ च्या आसपास उतरतो. रिकामी बॅटरी तशीच ठेवली तर प्लेट्सवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ती कायमची कमजोर होते. म्हणून ट्रिपवरून आलात की आधी फुल चार्ज करा, मग गाडी झाका.

बॅटरी कितीही चांगली असो, तिला नीट भरणारं काही नसेल तर उपयोग नाही. प्लांतेला त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. तुम्हाला फक्त बरोबर चार्जर निवडायचा आहे.